स्वतंत्र नियतकालिकाचे कलादिग्दर्शन : निर्णयांचा क्रम आणि मांडणीची शिस्त

एखाद्या वृत्तपत्रसमूहाच्या, मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या किंवा जाहिरातदाराच्या धोरणाला बांधील न राहता, एक व्यक्ती किंवा मोजक्या व्यक्तींचा गट स्वतःच्या संपादकीय भूमिकेतून आणि बहुतांशी पदरच्या पैशांतून जे नियतकालिक काढतो, त्याला या लेखात स्वतंत्र नियतकालिक म्हटले आहे. मराठीतील लघुनियतकालिके, ठरावीक तारखेचे बंधन न पाळणारी अनियतकालिके आणि वैयक्तिक धडपडीतून निघणारे कित्येक दिवाळी अंक या व्याख्येत बसतात. अशा नियतकालिकाच्या संदर्भात ‘मांडणी’ आणि ‘कलादिग्दर्शन’ हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात; परंतु मांडणी म्हणजे दिलेला मजकूर आणि दिलेली चित्रे पृष्ठावर बसवणे, तर कलादिग्दर्शन म्हणजे कोणत्या मजकुराला चित्र हवे, ते रेखाटन असावे की छायाचित्र, ते कोणाकडून करून घ्यावे, त्याला किती जागा द्यावी आणि कोणते पृष्ठ मुद्दाम मोकळे सोडावे हे ठरवणे, असा फरक केला तर पुढील विवेचन समजणे सोपे जाईल.

मोठ्या नियतकालिकात संपादक, कलादिग्दर्शक, निर्मितिप्रमुख आणि जाहिरात व्यवस्थापक अशी कामांची विभागणी असते, तर स्वतंत्र नियतकालिकात ही सर्व कामे एकदोन माणसांकडेच येतात. त्यामुळे कामाचा ताण वाढतो हे खरे असले, तरी आशय आणि रूप यांचा विचार एकाच डोक्यात, एकाच वेळी होऊ शकतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. या लाभाचा उपयोग करून घ्यायचा असेल, तर निर्णयांचा क्रम नीट लावावा लागतो. जो निर्णय नंतर बदलणे सर्वांत महाग पडते तो सर्वांत आधी घ्यावा आणि जो शेवटच्या दिवशीही बदलता येतो तो शेवटी घ्यावा, हे तत्त्व पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते : मुखपृष्ठावर महिनाभर चर्चा होते आणि कागदाचा आकार छापखान्यात उभ्याउभ्या ठरतो.

भूमिका : रूपाचा पहिला आधार

पहिला निर्णय कागदावर एका परिच्छेदात लिहून काढावा. नियतकालिक कोणासाठी आहे, त्यात प्रामुख्याने काय वाचायला मिळणार आहे आणि वाचक ते कसे वाचणार आहे, म्हणजे एका बैठकीत, प्रवासात की संदर्भासाठी वर्षानुवर्षे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. कवितेच्या नियतकालिकाला ओळ न मोडता मावेल एवढी रुंदी लागते, दीर्घ लेखांच्या नियतकालिकाला डोळ्यांना न शिणवणारा स्तंभ लागतो आणि छायाचित्रांच्या नियतकालिकाला शाई नीट पेलणारा कागद लागतो. म्हणून या परिच्छेदातूनच पुढचे निम्मे निर्णय आपोआप निघतात.

भूमिका आणि हाताशी असलेले साधन यांची सांगड कशी घालावी याचे एक उदाहरण मराठीतच आहे. १९५४च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे लघुनियतकालिक सुरू केले, ते सायक्लोस्टाइल पद्धतीने निघत असे. या पद्धतीत मेणकागदावर टंकलेखन यंत्राने किंवा लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यातून शाई उतरवली जाते. तीत छायाचित्राला वाव जवळजवळ नसतो आणि रंग बहुधा एकच असतो. अशा साधनात कलादिग्दर्शनासाठी कागदाचा आकार, ओळींमधील अंतर, मोकळी जागा आणि रेषेतील चित्र एवढ्याच गोष्टी उरतात, आणि कवितेच्या नियतकालिकाला त्या पुरेशा असतात. कोलटकर पुढे मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात नावाजलेले कलादिग्दर्शक झाले आणि कवींनीच चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’ या प्रकाशनाच्या पुस्तकांची रचनाही त्यांनी केली.

अमेरिकेत रूडी व्हॅन्डरलान्स आणि झुझाना लिच्को यांनी १९८४मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ‘एमिग्रे’ या नियतकालिकाची वाट वेगळ्या साधनातून गेली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यावर आणि मुद्रकावर अक्षरे ठळक ठिपक्यांनी बनलेली दिसत. जुन्या सुबक अक्षरवळणांची ओबडधोबड नक्कल करण्याऐवजी लिच्को यांनी त्या ठिपक्यांनाच शोभतील अशी नवी अक्षरवळणे घडवली. नियतकालिक त्या वळणांचे प्रदर्शन ठरले आणि वळणांच्या विक्रीतून नियतकालिकाला आधार मिळाला. २००५पर्यंत त्याचे ६९ अंक निघाले. साधनाची मर्यादा झाकण्यात शक्ती खर्च न करता तिच्यातून रूप काढावे, हा या दोन्ही उदाहरणांचा व्यावहारिक अर्थ आहे.

आकार, कागद आणि फॉर्म

भूमिकेनंतर लगेच कागदाचा आकार ठरवावा, कारण छपाईच्या खर्चाचा मोठा भाग त्यावर अवलंबून असतो. छापखाना पृष्ठे सुटी छापत नाही. एका मोठ्या कागदावर अनेक पृष्ठे एकदम छापून, तो कागद घड्या घालून कापला जातो आणि या घडीच्या गठ्ठ्याला फॉर्म किंवा फर्मा म्हणतात. २० × ३० इंचांचा डबल क्राउन कागद घेतला आणि त्याचे आठ सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग ७.५ × १० इंचांचा होतो आणि दोन्ही बाजू मिळून १६ पृष्ठे मिळतात. कडा कापल्यानंतर हाच आकार बहुसंख्य दिवाळी अंकांच्या परिचित आकाराच्या जवळ येतो. याउलट ‘वेगळेपणा’ म्हणून ९ × ९ इंचांचा चौरस आकार निवडला, तर त्याच कागदातून कापणीपूर्वीच सहा तुकडे निघतात. कागदाच्या ६०० चौरस इंचांपैकी ४८६ उपयोगात येतात, बाकीचे रद्दीत जातात, १६ऐवजी १२च पृष्ठे मिळतात आणि घडीचे नेहमीचे गणितही बिघडते. चौरस आकार वर्ज्य आहे असे नाही, पण आशयाला त्याची गरज आहे की तो हौसेखातर आहे, याचा हिशेब हे आकडे समोर ठेवून करावा.

पृष्ठसंख्याही फॉर्मच्या पटीत ठेवावी. मधल्या घडीवर पिना मारायच्या असतील तर एकूण पृष्ठे चारच्या पटीत असावीच लागतात, आणि कण्याला डिंक लावून केलेल्या बांधणीत, म्हणजे परफेक्ट बायंडिंगमध्ये, १६ पृष्ठांचे पूर्ण फॉर्म सर्वांत स्वस्त पडतात. ६४ पृष्ठांचा अंक ६६ पृष्ठांवर गेला, तर त्या दोन पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापून जोडावा लागतो. म्हणून असा प्रसंग आला की मजकूर दोन पृष्ठांनी कमी करण्याचा संपादकीय निर्णय घेणे शहाणपणाचे ठरते.

फॉर्मची रचना समजून घेतली तर रंगाचा खर्चही आटोक्यात राहतो. १६ पृष्ठांच्या फॉर्मच्या एका बाजूवर १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पृष्ठे येतात, तर दुसऱ्या बाजूवर २, ३, ६, ७, १०, ११, १४ आणि १५ ही पृष्ठे येतात. चार रंगांची छपाई फक्त या दुसऱ्या बाजूला आणि काळी छपाई पहिल्या बाजूला केली, तर दुसऱ्या बाजूवरच्या २–३, ६–७, १०–११ आणि १४–१५ या समोरासमोरच्या जोड्या पूर्ण रंगीत मिळू शकतात. हे आधीच माहीत असेल तर चित्रमालिका नेमक्या त्या जोड्यांवर आखता येते, आणि संपूर्ण अंक रंगीत न छापताही तो रंगीत असल्याचा प्रत्यय वाचकाला येतो. मात्र पिना मारलेल्या अंकात फॉर्म एकमेकांच्या पोटात बसत असल्याने पृष्ठांचा क्रम बदलतो. त्यामुळे छापखान्याकडून घडीचा कोरा नमुना मागून घ्यावा, त्यावर पेन्सिलीने पृष्ठक्रमांक टाकावेत आणि तो काम संपेपर्यंत टेबलावर ठेवावा.

कागद निवडताना आर्ट पेपरची चकाकी ही प्रतिष्ठेची खूण मानण्याची सवय सोडावी. दीर्घ गद्यासाठी ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन भरणारा, किंचित पिवळसर मॅपलिथो कागद डोळ्यांना सुखाचा असतो आणि टपालखर्चही वाचवतो. याच कागदावर छायाचित्रे छापायची असल्यास शाई कागदात मुरून गडद भाग काळवंडतात, हे लक्षात घेऊन छायाचित्रे आधीच थोडी उजळ करून घ्यावीत.

जाळी : पृष्ठाचा अदृश्य सांगाडा

पृष्ठावर समास, स्तंभ आणि आडव्या रेषा आखून तयार केलेल्या अदृश्य चौकटीला जाळी किंवा ग्रिड म्हणतात. जाळीमुळे सर्व पृष्ठे एकसारखी आणि कंटाळवाणी होतात असा एक गैरसमज आहे. वास्तविक जाळी जितकी विचारपूर्वक आखलेली, तितके वैविध्य तिच्यातून निघते. जर्मनीतील ‘ट्वेन’ या १९५९मध्ये सुरू झालेल्या मासिकासाठी विली फ्लेकहाउस यांनी बारा स्तंभांची जाळी वापरली. बाराला दोन, तीन, चार आणि सहा या संख्यांनी भाग जात असल्यामुळे एकाच जाळीवर दोन रुंद स्तंभही बसत आणि चार अरुंद स्तंभही बसत, शिवाय छायाचित्र कितीही मोठे झाले तरी ते एखाद्या रेषेला टेकलेलेच राही.

लहान आकाराच्या मराठी नियतकालिकासाठी सहा स्तंभांची जाळी बहुधा पुरते. दीर्घ लेख दोन स्तंभांत किंवा एका रुंद स्तंभात, टिपा व परिचय अरुंद स्तंभात आणि कविता डावीकडे मोठा समास सोडून लावता येते. बांधणीकडचा समास बाहेरच्या समासापेक्षा रुंद ठेवावा, विशेषतः परफेक्ट बायंडिंगमध्ये, कारण तो अंक पूर्ण उघडत नाही आणि आतल्या बाजूची अक्षरे घडीत दडपतात. जाळी एकदा ठरली की किमान चार अंक ती बदलू नये. प्रत्येक अंकात सांगाडाच बदलणारे नियतकालिक वाचकाच्या ओळखीचे होत नाही.

देवनागरीची स्वतःची गरज

रोमन लिपीसाठी तयार झालेले मांडणीचे संकेत देवनागरीला जसेच्या तसे लावल्यामुळे मराठी नियतकालिकांची पृष्ठे अनेकदा दाटलेली दिसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार येतात, तर खाली उकार, ऋकार आणि उभ्या मांडणीची जोडाक्षरे येतात. म्हणून त्याच अक्षरमापाच्या रोमन मजकुरापेक्षा देवनागरीला ओळींमध्ये अधिक अंतर लागते. ११ पॉइंटच्या मजकुराला साधारण १५ ते १६ पॉइंटांचे अंतर हे सुरुवातीचे माप धरून, छापील नमुना पाहून ते कमीजास्त करावे. अक्षरांमधील अंतर ताणू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. देवनागरीत मोठ्या लिपीतली आणि लहान लिपीतली अशी दोन प्रकारची अक्षरे नसतात आणि तिरप्या वळणाची परंपराही नाही. संगणकाने यांत्रिकपणे कललेली अक्षरे टाळून, उठाव आणण्यासाठी अक्षराचे माप, जाडी आणि भोवतालची मोकळी जागा या तीन साधनांवर भर द्यावा.

मराठी प्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने ‘ग्रामपंचायतींमधल्यासुद्धा’ यांसारखे लांब शब्द सहज तयार होतात. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा आग्रह धरला, तर असा शब्द पुढच्या ओळीत ढकलला जाऊन आधीच्या ओळीत मोठी भगदाडे पडतात. अशा ठिकाणी उजवी कड मोकळी सोडणे अधिक बरे.

अक्षरवळण, म्हणजे फॉन्ट, निवडण्यापूर्वी त्याची मराठीच्या दृष्टीने परीक्षा घ्यावी. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ॲ’, ‘ऑ’, ‘ळ’, ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘ङ्म’, ‘श्र’ आणि ‘र्की’ ही अक्षरे असलेले एक वाक्य तयार करून ते प्रत्येक फॉन्टमध्ये छापून पाहावे, कारण पडद्यावर खपून जाणारा दोष कागदावर उघडा पडतो. मराठीत रूढ असलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे आकार अनेक फॉन्टमध्ये नसतात, त्यांच्या जागी हिंदीतील आकार येतात. मराठीसाठी वेगळी आवृत्ती असलेला ‘टिरो देवनागरी मराठी’ किंवा मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ हे विनामूल्य उपलब्ध असलेले फॉन्ट आधी तपासून पाहण्याजोगे आहेत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून मजकूर रूपांतरित केला असेल, तर त्याचे मुद्रितशोधन रूपांतरानंतर पुन्हा पहिल्यापासून करावे. रफार आणि ‘ऱ्य’ या जागी चुका हमखास शिरतात.

प्रयोगाची हौस असणाऱ्यांनी शीर्षकांवर प्रयोग करावा आणि मजकुराला सहसा धक्का लावू नये. लंडनच्या ‘द फेस’ या मासिकात नेव्हिल ब्रॉडी यांनी १९८४मध्ये अनुक्रमणिकेचे शीर्षक लागोपाठच्या अंकांत थोडेथोडे मोडत नेले, इतके की शेवटी ती अक्षरे म्हणून ओळखू येईनात. पण वाचकाला त्या जागी काय असते हे पाठ झालेले असल्याने त्याचे काही अडले नाही. अमेरिकेतील ‘रे गन’ या संगीतविषयक मासिकात डेव्हिड कार्सन यांनी १९९४मध्ये गायक ब्रायन फेरी यांची आख्खी मुलाखत चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, तेव्हा तीच मुलाखत वाचता येईल अशा अक्षरांत अंकाच्या शेवटी द्यावी लागली. पहिल्या प्रयोगात वाचकाची सवय गृहीत धरली होती, दुसऱ्यात त्याच्या सहनशीलतेची परीक्षा होती. ज्याच्याकडे पुरवणी पृष्ठे छापण्याइतका पैसा नाही, त्याने पहिला मार्ग धरावा.

चित्रकाराशी व्यवहार

मजकुरासाठी रेखाटन मागवताना चित्रकाराला संपूर्ण लेख वाचायला द्यावा, जागेचे नेमके माप आणि छपाईचे रंग सांगावेत. मात्र ‘अमुक प्रसंग काढा’ असा हुकूम सोडू नये. लेखात जे शब्दांत आलेले आहे तेच चित्रात पुन्हा येणे ही जागेची उधळपट्टी असते, तर लेखाचा सूर पकडणारे किंवा त्यातील न बोललेली बाजू दाखवणारे चित्र अंकाची उंची वाढवते. मराठी दिवाळी अंकांच्या परंपरेत चित्र हे मजकुराइतकेच स्वतंत्र असू शकते, याची साक्ष ‘आवाज’मधील खिडकीचित्रे देतात : पृष्ठाला पाडलेल्या छिद्रातून आतल्या चित्राचा एक तुकडा दिसतो, वाचक मनाशी एक अर्थ लावतो आणि पान उलटताच तो अर्थ पालटतो. येथे विनोदाची कल्पना, चित्र आणि कागदाची कापणी या तिन्ही गोष्टी एकत्र आखाव्या लागतात, आणि हेच कलादिग्दर्शन होय.

मानधन कमी असले तरी ते आधी सांगावे आणि व्यवहार लेखी ठेवावा. प्रताधिकार अधिनियम, १९५७नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. स्वतंत्र नियतकालिकाने एका अंकापुरती छापण्याची परवानगी घ्यावी, मूळ चित्र व उरलेले हक्क चित्रकाराकडे ठेवावेत आणि त्याचे नाव चित्राजवळ किंवा अनुक्रमणिकेत ठळकपणे छापावे. महाजालावरून उचललेली चित्रे वापरू नयेत. त्यात कायद्याचा धोका आहेच, शिवाय पडद्यावर छान दिसणारे असे चित्र छपाईत धूसर पडते.

अंकाची लय आणि मुखपृष्ठ

अंकातील प्रत्येक पृष्ठ वेगवेगळे सुंदर असूनही संपूर्ण अंक थकवणारा होऊ शकतो, कारण वाचक पृष्ठे एकामागून एक पाहतो. ‘हार्पर्स बझार’चे कलादिग्दर्शक अलेक्सी ब्रॉडोविच सर्व जोडपृष्ठांचे नमुने जमिनीवर ओळीने मांडून, त्यांची लय पाहून क्रम ठरवीत. ही पद्धत आजही सर्वांत सोपी आणि स्वस्त आहे : सर्व पृष्ठे लहान आकारात छापून भिंतीवर ओळीने लावावीत आणि सलग चार जोड्या दाट मजकुराच्या आल्या तर तेथे एक चित्र, कविता किंवा जवळजवळ रिकामे पृष्ठ आणावे. जाहिराती असतील तर त्यांच्या जागाही याच भिंतीवर ठरवाव्यात. शोकलेखासमोर दागिन्यांची जाहिरात येण्यासारखे अनर्थ येथेच टळतात.

मुखपृष्ठ सर्वांत शेवटी ठरवावे, कारण तोवर अंक कशाचा झाला आहे हे स्पष्ट होते. नियतकालिकाचे नाव, अंकाचा महिना किंवा क्रमांक आणि एक चित्र अथवा एक विधान एवढे त्यावर पुरे असते. लेखकांच्या नावांची लांबलचक यादी मलपृष्ठावर न्यावी. कण्यावर नाव आणि वर्ष छापावे, म्हणजे कपाटात उभा ठेवलेला अंक पुढे शोधता येतो.

छापखान्यात जाण्यापूर्वी

अंतिम फाइल देताना काही गोष्टी न चुकता तपासाव्यात. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असावा. तो चार रंगांच्या मिश्रणातून आला आणि छपाईत रंग केसभर जरी सरकले, तर वेलांटी आणि अनुस्वार यांच्या कडा दुहेरी दिसतात. कडेपर्यंत जाणारे चित्र कापणीच्या रेषेपलीकडे तीन मिलिमीटर वाढवलेले असावे, चित्रे प्रत्यक्ष छपाईच्या मापात दर इंचाला ३०० ठिपक्यांची असावीत आणि फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत असावेत. नोंदणीकृत नियतकालिकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे आणि मुद्रण-प्रकाशनाची ठिकाणे छापलेली असणेही आवश्यक आहे. नियतकालिकांची नोंदणी १ मार्च २०२४पासून लागू झालेल्या २०२३च्या नव्या अधिनियमानुसार होते. पहिला फॉर्म यंत्रावर चढताना कलादिग्दर्शकाने शक्यतो छापखान्यात हजर राहावे, कारण शाईचे प्रमाण तेथे पाच मिनिटांत सुधारता येते आणि पाचशे प्रती निघाल्यावर ते काही केल्या सुधारत नाही.

उरतो तो टिकण्याचा प्रश्न. याच ब्रॉडोविच यांनी १९५०–५१मध्ये ‘पोर्टफोलिओ’ हे जाहिरातीविना निघणारे, रचनेच्या दृष्टीने आजही आदर्श मानले जाणारे नियतकालिक घडवले, पण त्याचा खर्च न पेलल्याने तीन अंकांनंतर ते बंद पडले. तीन उत्कृष्ट अंकांनी इतिहासात जागा मिळते, परंतु वाचक, लेखक आणि चित्रकार यांचा मेळ जमायला त्याहून अधिक अंक लागतात. म्हणून नवे नियतकालिक काढू पाहणाऱ्यांनी पहिल्या अंकाचे अंदाजपत्रक करताना त्याच कागदावर चौथ्या अंकाचेही अंदाजपत्रक करावे, आणि जो आकार, जो कागद व जितके रंग चौथ्या अंकालाही परवडतील, तेवढेच पहिल्या अंकात वापरावेत.